नवाने भागून उरलेली बाकी

आपल्या मराठी माणसाला आकड्यांचे भारी वेड! तिघे मिळून कामाला निघाले, की मागून कुणीतरी म्हणतेच, 'तीन तिघाडा काम बिघाडा'. घरात दाणा नसला तर 'अठरा विश्वे दारिद्र्य', नको तिथे अक्कल पाजळणारा तो 'दीडशहाणा', अनुभवी माणूस 'बारा गावचे पाणी प्यालेला', आणि दोघांचे पटत नसेल तर त्यांच्यात 'छत्तीसचा आकडा'. हा शेवटचा वाक्प्रचार मला फार आवडतो. ३ आणि ६ हे आपले देवनागरी आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहा, एकमेकांकडे पाठ फिरवून रुसून बसलेले दिसतात. तेच उलटे करून ६३ लिहिले, की समोरासमोर बसून गप्पा मारू लागतात.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. भाषेने आकड्यांना माणसासारखे वागवले, त्यात कुणाचे काही बिघडले नाही. परंतु माणसाला आकड्यासारखे वागवायला सुरुवात झाली, की गंमत संपते. अंकशास्त्र नावाचा जो प्रकार सध्या गावोगाव पसरला आहे, तो नेमके हेच करतो. म्हणूनच या अंकात त्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले.

हे शास्त्र म्हणते तरी काय? तुमच्या जन्माची तारीख घ्या. ती दोन आकडी असेल तर ते दोन आकडे मिळवा, एक आकडा उरेपर्यंत मिळवत राहा. जो उरेल तो तुमचा मूलांक. दिवस, महिना आणि साल यांचे सगळे आकडे मिळवले की भाग्यांक, आणि नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील अक्षरांना आकडे देऊन मिळवले की नामांक. मग प्रत्येक अंकाचा एक ग्रह आणि प्रत्येक ग्रहाचा एक स्वभाव. एक म्हणजे सूर्य, जन्मजात पुढारी. दोन म्हणजे चंद्र, हळवा आणि चंचल. तीनचा गुरू, पाचचा बुध, सहाचा शुक्र, नऊचा तापट मंगळ. आणि आठ? आठाचा शनी! आठ म्हटले की सांगणाऱ्याचा चेहरा पडतो आणि ऐकणाऱ्याचाही. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यापासून हातातल्या मोबाइलपर्यंत सगळीकडे ही विद्या मिळते. आमच्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत एकमेकींचे मूलांक काढतात. श्रीमंतांचे तर बोलायलाच नको. गाडीला 'लकी' नंबर मिळावा म्हणून लाखो रुपये मोजणारे लोक आपल्याच राज्यात आहेत.

आता या मूलांकाचे पोट फाडून आत काय आहे ते पाहू. त्याला मोठे गणित लागत नाही. कोणत्याही संख्येतले आकडे एक आकडा उरेपर्यंत मिळवणे म्हणजे त्या संख्येला नवाने भागून बाकी काढणे होय. १७ ला नवाने भागा, बाकी ८. २६ ला भागा, बाकी ८. बाकी शून्य आली तर नऊ म्हणायचे. प्राथमिक शाळेत गुणाकाराचा ताळा पाहताना गुरुजी हीच युक्ती शिकवत. म्हणजे ज्याला 'गूढ विद्या' म्हणतात ती भागाकाराची बाकी निघाली! शिवाय ही बाकी नवाचीच का? तर आपण दहा-दहांच्या गटाने मोजतो म्हणून. उद्या आपण बारा-बारांच्या गटाने मोजू लागलो, तर कोट्यवधी लोकांचे मूलांक एका रात्रीत बदलतील. स्वभाव मात्र बदलणार नाहीत.

दुसरी गोष्ट. मूलांक फक्त नऊ. भारताची लोकसंख्या आज १४० कोटींच्या वर आहे. नऊ वाटे केले तर एकेका वाट्याला सुमारे १५ कोटी माणसे येतात. पंधरा कोटी माणसांचा एकच स्वभाव! एका आईच्या पोटची दोन मुले सारखी नसतात, हाताची पाची बोटे सारखी नसतात, आणि इथे पंधरा कोटी माणसे एका साच्यातली. भाग्यांक जोडला तरी सुटका नाही. अब्राहम लिंकन आणि चार्ल्स डार्विन हे दोघे एकाच दिवशी, १२ फेब्रुवारी १८०९ रोजी जन्मले. मूलांक तोच, भाग्यांकही तोच. पण लिंकन जन्मला केंटकीतल्या लाकडी झोपडीत आणि डार्विन इंग्लंडातल्या एका सधन डॉक्टरच्या घरी. एकाने देशातल्या गुलामीशी झुंज दिली, दुसऱ्याने सजीवांच्या उत्पत्तीचा शोध घेतला. दोघेही थोर, परंतु थोरवीच्या वाटा निराळ्या, आणि त्या वाटा कोणत्याही बेरजेत दिसत नाहीत.

पण माझा खरा आक्षेप याहून साधा आहे. ज्या तारखेवर हा सगळा डोलारा उभा करायचा, ती तारीख तरी खरी असते का?

माझ्या वडिलांचा जन्म कागदोपत्री एक जूनचा. आईचाही एक जूनचा. चुलत्यांचा एक जून, शेजारच्या काकांचा एक जून. आमच्या गावात मतदारयाद्या आणि आधारकार्डे पाहिली तर वाटावे, की एका पिढीला जन्माला यायला हाच एक मुहूर्त सापडला होता! कारण वाचकांना ठाऊक आहेच. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, बाप पोराचा हात धरून शाळेत यायचा. गुरुजी विचारायचे, "कधीचा जन्म?" बाप म्हणायचा, "ज्या साली मोठा पाऊस झाला त्या सालचा." गुरुजी पोराकडे एकवार पाहायचे, सहा वर्षे मागे मोजायचे आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तांचे हारतुरे एकाच वेळी होतात, त्यामागे हीच गुरुजींची लेखणी आहे. अंकशास्त्राप्रमाणे ही सारी माणसे मूलांक एकची, सूर्याची, जन्मजात नेतृत्व करणारी. माझे वडील चौथीपर्यंत शिकले आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबले. त्यांच्यात नेतृत्व नाही असे मी म्हणणार नाही. पण ते सूर्याने दिले की नाही हे ठरवायला गुरुजींच्या एक जूनचा काडीचाही उपयोग नाही.

कुणी म्हणेल, ही खेड्यातल्या अडाण्यांची गोष्ट झाली. मग शहाण्यांची ऐका. इंग्लंडने १७५२ साली पंचांग बदलले, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर उजाडला. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे तारीख होती ११ फेब्रुवारी. नव्या पंचांगाप्रमाणे ती झाली २२ फेब्रुवारी. म्हणजे मूलांक दोनाचा चार झाला! आपल्याकडे शिवजन्माच्या तिथीविषयी इतिहासकारांत दीर्घकाळ वाद होता. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया? शासनाने पुढे दुसऱ्या तिथीशी जुळणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. पण तो वाद चालू असताना महाराजांच्या कर्तृत्वात तसूभर तरी फरक पडला काय? तारीख ही माणसांनी सोयीसाठी ठोकलेली खुंटी आहे. तिच्यावर टोपी अडकवावी, आयुष्य अडकवू नये.

नामांकाची कथा तर याहून नवलाची. 'मंगल' हे आपल्याकडे घरोघरी आढळणारे नाव. किरोच्या कोष्टकाप्रमाणे एम चे ४, ए चा १, एन चे ५, जी चे ३, पुन्हा ए चा १ आणि एल चे ३. बेरीज १७, म्हणजे ८. घ्या! नाव मंगल आणि अंक शनीचा. आता पायथागोरसचे म्हणून जे दुसरे कोष्टक सांगतात ते लावा. त्यात जी चे ७ होतात. बेरीज २१, म्हणजे ३. त्याच नावाच्या त्याच मुलीवर आता गुरूची कृपा! शेवटी आणखी एक ए जोडून 'मंगला' केले, तर पहिल्या कोष्टकाने ९ आणि दुसऱ्याने ४. एका मुलीचे चार स्वभाव झाले, आणि ती बिचारी अजून तोंडातून एक शब्दही बोललेली नाही.

या कोष्टकांच्या प्राचीनपणाचाही फार गवगवा होतो. पायथागोरस ग्रीक होता, त्याची लिपी ग्रीक होती. आजची इंग्रजी सव्वीस अक्षरे त्याने डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. किरो तर कालपरवाचा माणूस. आयर्लंडात १८६६ साली जन्मला, १९३६ साली वारला. त्याचे मूळ नाव विल्यम जॉन वॉर्नर. तरुणपणी आपण मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरलो आणि कोकणातल्या एका ब्राह्मण गुरूकडे विद्या शिकलो, असे तो स्वतःच सांगे. म्हणजे आपल्या कोकणच्या नावाने विलायतेत विकलेला माल आपणच पुन्हा विकत घेतो आहोत! त्याच्या पद्धतीत चार हा अंक हर्षलचा आणि सात नेपच्यूनचा. परंतु हर्षल हा ग्रह सापडला १७८१ साली आणि नेपच्यून १८४६ साली. प्राचीन ऋषींनी जे ग्रह पाहिलेच नाहीत त्यांना अंक कोणी वाटून दिले, हे विचारायला हरकत नसावी. आणि सर्वांत मोठा प्रश्न असा, की माझ्या आजीला जे नाव मराठीतही लिहिता येत नव्हते, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिचा स्वभाव कुठून येऊन बसला?

"पण अनुभव येतो ना!" असे यावर हटकून म्हटले जाते. अनुभव येतो हे खरे आहे, आणि तो का येतो हेही आता ठाऊक आहे. अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे 'खास' स्वभाववर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६! मग त्याने गुपित फोडले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि त्यातला बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. 'तुम्ही वरून शांत दिसता पण आतून काळजी करता', 'तुमच्या अंगचे गुण अजून पुरते वापरले गेलेले नाहीत' अशा धाटणीची वाक्ये कोणाला लागू पडणार नाहीत? माझ्या शेजारणीला वाचून दाखवा, तिच्या म्हशीच्या मालकालाही लागू पडतील.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक प्रयोग झाला आहे, जरी तो अंकांचा नसून कुंडल्यांचा होता. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साहाय्याने काही हुशार मुलांच्या आणि काही मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांकडे पाठवून 'कोणती कुणाची ते ओळखा' असे आवाहन केले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी पन्नासाच्या आसपास यायला हवी होती.

इतके सगळे ऐकून एखादी मैत्रीण म्हणेल, "अगं, असू दे खोटे. घटकाभर करमणूक होते, कुणाचे काय जाते?" या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. जाते! ज्याच्याजवळ आधीच थोडे असते, त्याचेच जास्त जाते.

माझी एक मावसबहीण आहे. मावशी आणि काका दर वर्षी उसाच्या तोडणीला जातात. ती कारखान्याच्या तळावर कोपीत जन्मली. थंडीचे दिवस होते एवढेच मावशीला आठवते. तारीख कोण लिहून ठेवणार? शाळेत नाव घालताना त्या दिवशी चार-पाच मुले होती. गुरुजींनी कुणाला एक जून लिहिली, कुणाला पाच, हिला आठ. पुढे तिला एक स्थळ आले. मुलगा बरा, घर बरे, पाहणे झाले, पसंती झाली. नंतर मुलाकडच्यांनी बायोडाटा कुणा अंकवाल्याला दाखवला. निरोप आला, "मुलगी आठ अंकाची आहे, घराला शनी लागेल." थंडीत जन्मलेल्या मुलीला जूनच्या आठ तारखेचा शनी लागला!

गोष्ट इथे थांबली असती तरी चालले असते. मावशी घाबरली. तिने तालुक्याच्या गावी एका दुसऱ्या अंकवाल्याला अकराशे रुपये दिले. अकराशे रुपये मिळवायला किती मोळ्या बांधाव्या लागतात, हे ज्याने उसाच्या फडात पहाटे हात गोठवून घेतले आहेत त्यालाच कळेल. त्याने नावाच्या स्पेलिंगात एक जादा ए घालायला सांगितला. मावशीने तो आधारकार्डावर घालून घेतला. त्या वर्षी बहिणीने नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला. मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे. अर्ज अडकला, दुरुस्त्या, प्रतिज्ञापत्रे, हेलपाटे यांत मुदत टळली आणि तिचे वर्ष गेले. ज्यांच्या घरात कागद वाचणारे आजोबा-पणजोबा आहेत, त्यांना एका अक्षराची गंमत परवडते. आमच्या घरात कागदावर नाव लागण्याची ही पहिलीच वेळ आहे. त्या नावातले एक अक्षर हलले, तर आमचे अख्खे वर्ष हलते.

आणि आठाने असे कोणते घोडे मारले आहे? आपला देश प्रजासत्ताक झाला तो दिवस २६ जानेवारी १९५०. दोन आणि सहा, आठ. निजामाच्या राजवटीतून आमचा मराठवाडा मुक्त झाला तो दिवस १७ सप्टेंबर १९४८. एक आणि सात, आठ. या दोन आठांनी आम्हाला मतदान दिले, शाळा दिली, मुलीच्या हाती पुस्तक दिले. असला शनी दर पिढीला लागो!

तिसरा आठ माझ्या विशेष आवडीचा आहे. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. म्हणजे मूलांक आठ. हा माणूस जन्मभर आकड्यांच्या नादी लागला, पण निराळ्या रीतीने. 'आकडा माझ्याविषयी काय सांगतो' असे न विचारता त्यांनी 'आकडा स्वतःविषयी काय सांगतो' असे विचारले. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा करा. शेवटी ६१७४ ही संख्या येतेच, आणि एकदा आली की हलत नाही. जगभर या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीचा हा शाळामास्तर जगाला ठाऊक झाला. माझे जन्मसाल २००६. अंक उतरते लिहिले तर ६२००, चढते लिहिले तर ००२६. वजाबाकी करा: ६१७४! पहिल्याच फेरीत. मला हे प्रथम दिसले तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले. पण यातून माझा स्वभाव कळत नाही, माझे लग्न कधी होईल हेही कळत नाही. कळते ते एवढेच, की संख्यांच्या जगात एक सुंदर नियम आहे, तो सर्वांना सारखाच लागू आहे, आणि तो कोणीही पाटीवर करून पाहू शकतो. त्यासाठी अकराशे रुपये लागत नाहीत.

लोक अंकवाल्याकडे का जातात हे मला कळत नाही असे नाही. ज्याचा पाऊस भरवशाचा नाही, नोकरी भरवशाची नाही, त्याला कुठेतरी काहीतरी ठरलेले असावे असे वाटते. त्या माणसाला हसण्यात शहाणपण नाही. त्याच्या भीतीवर दुकान मांडणाऱ्याचा मात्र राग यायलाच हवा.

मी आकड्यांच्या विरुद्ध नाही. माणसाविषयी बोलणारे आकडे आहेत, पण ते वेगळे. माझ्या घरापासून कॉलेज बावीस किलोमीटर आहे. बावीस म्हणजे चार, आणि चार म्हणजे राहू, असे अंकवाला सांगेल. आमच्या घरी चार म्हणजे पहाटेचे चार, माझी साडेपाचची एस.टी. चुकू नये म्हणून आई उठते ती वेळ. वर्षातले किती दिवस तिला काम मिळाले, त्याची मजुरी किती आली, गावातल्या किती मुली दहावीनंतर शाळेत राहिल्या, हे आकडे कुणी मांडले तर आमचा स्वभावही कळेल आणि आमचे भाग्य कुठे अडले आहे तेही कळेल. हे आकडे बदलताही येतात; मूलांक बदलता येत नाही, म्हणूनच तो सांगणाऱ्याला सोयीचा असतो.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण आपापल्या घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. घरचे कागद आता आपल्याच हातात येतात. उद्या भावाचे किंवा बहिणीचे स्थळ पाहताना समोर बायोडाटा येईल, त्यावर जन्मतारीख असेल, आणि घरातली वडील माणसे आपल्याकडे पाहतील. त्या वेळी बेरीज करू नका. त्या मुलीला विचारा, तुला काय शिकायचे आहे? त्या मुलाला विचारा, तुला काय करायचे आहे? माणूस म्हणजे नवाने भागून उरलेली बाकी नव्हे. आणि बाकीच काढायची असेल, तर आपल्या घराला शिकवण्यासाठी ज्यांनी हाडांची काडे केली, त्यांचे आपल्याकडे किती देणे बाकी आहे, ती काढू या.